नवा पंप टाकला तरी मागच्या सीटखालून कुंईं आवाज येतोच? तिसरा पंप घ्यायच्या आधी हे बघा

माझ्या २००३ च्या पेट्रोल हॅचबॅकला चौदा महिन्यांत दोन नवे फ्युएल पंप बसले. मूळचा वीस वर्षांचा झाला होता आणि ओरडत होता म्हणून काढला, त्याच्या जागी टाकलेला पाचव्या महिन्यात ओरडायला लागला म्हणून तोही काढला, आणि दुसरा नवा टाकून सहा आठवडे होतात न होतात तोच परत तीच कुंईं. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला की तीन वेगवेगळे पंप एकाच रस्त्यावर जवळपास एकाच ठिकाणी ओरडतात म्हणजे पंपांना दोष देण्यात काही अर्थ नाही, त्यांना कोणीतरी छळतंय. ते कोण हे सापडेपर्यंत माझे सगळे मिळून साडेनऊ हजार गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडीचं नाव घेत बसत नाही. २००० च्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (इंजेक्टरनं पेट्रोल फवारायची पद्धत) आलं, तेव्हापासूनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत मांडणी साधारण एकच आहे, टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला इलेक्ट्रिक पंप, त्याच्या बुडाला जाळी, पुढं फिल्टर, मग इंजिन. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद फिरून लाईनमध्ये प्रेशर भरतो, साधारण ३ बार (बार म्हणजे दाबाचं माप), आणि मग सेल्फ मारेपर्यंत गप्प बसतो.

आता माझा आवाज कसा होता ते सांगतो. पुण्याहून साताऱ्याला निघालो की खेड शिवापूरचा टोल जाईपर्यंत काहीच नाही. शिरवळच्या पुढे मागून बारीक सूर यायला लागायचा, रिकामा मिक्सर शेजारच्या घरात फिरवल्यासारखा. खंबाटकीचा घाट चढताना तो एवढा वाढायचा की बायको गाणी बंद करून मागं वळून बघायची. एक-दोनदा घाटातच गाडीनं झटके दिले, पिकअप गेला, तिसऱ्या गिअरमध्ये रडत रडत वर आलो. घाट उतरल्यावर पेट्रोल भरलं की आवाज गायब! साताऱ्यापर्यंत एकदम गप्प. त्यामुळं मी आणि मेकॅनिक दोघांनीही निष्कर्ष काढला की पेट्रोल कमी झालं की पंप उघडा पडतो आणि ओरडतो, म्हणजे पंप कमजोर आहे, बदला. हा निष्कर्ष किती चुकीचा होता ते पुढं येईलच.

पण त्याच्या आधी, मुळात आवाज पंपाचाच आहे ना हे बघा, कारण मागून येणारी प्रत्येक कुंईं पंपाची नसते. सोपं आहे. गाडी उभी असताना न्यूट्रलला रेस द्या. रेसबरोबर सूर चढला-उतरला तर ते पुढचं दुखणं, अल्टरनेटर, बेल्टचं बेअरिंग किंवा पॉवर स्टिअरिंगचा पंप. गाडीच्या वेगाबरोबर सूर बदलतो आणि वळणावर एका बाजूला वाढतो, तर व्हील बेअरिंग, ते आधी बघा कारण ते जास्त धोक्याचं. रेस कमीजास्त केली तरी सूर जवळपास तोच राहतो, तर मग फ्युएल पंप, कारण तो बॅटरीच्या करंटवर फिरतो, त्याला इंजिनाच्या रेसचं काही देणंघेणं नाही. पक्कं करायचं असेल तर एकाला चावी ऑन करायला सांगा (सेल्फ मारायचा नाही) आणि तुम्ही टाकीचं झाकण काढून तिथं कान द्या, दोन-तीन सेकंद जो आवाज येतो तोच तो. इंजिनाच्या बाजूनं टिक टिक टिक येत असेल तर ते इंजेक्टर किंवा कॅनिस्टरचा (टाकीतली वाफ धरणारा डबा, पुढं येईलच) छोटा व्हॉल्व्ह, ती टिकटिक असायचीच, उगाच त्याच्या मागं लागू नका.

आणि हो, थोडा आवाज प्रत्येक पंपाला असतोच. जुन्या गाडीत पंपाखालचं रबर कडक होतं, पाईप बॉडीला टेकतो, मग जो आवाज आधी ऐकूच यायचा नाही तो सगळ्या पत्र्यातून घुमतो आणि मालकाला वाटतं पंप गेला. सीटखालच्या पत्र्यावर तळहात दाबून धरा, आवाज दबला तर निम्मं उत्तर तिथंच मिळालं. अशा गाडीला दहा-वीस रुपयांचं रबर आणि एक क्लिप पुरते.

माझं तसं नव्हतं. पहिला पंप साताऱ्यातच बदलला, असेंब्ली आणि मजुरी धरून चार हजार. पाच महिन्यांनी आवाज परत आला तेव्हा मेकॅनिक म्हणाला लोकल माल होता, आता चांगला टाकू, त्याचे साडेपाच. मेकॅनिक लबाड नव्हता, हे मुद्दाम सांगतो. पंप बदलल्यावर खरोखरच आवाज जायचा, त्याच्या दारात तरी जायचाच, आणि मी गावातल्या गावात फिरायचो तेव्हा महिनोन्महिने काही नाही. ट्रायल साताऱ्यातल्याच पोवई नाक्यापर्यंत घेतली तर शिरवळचा आवाज कसा सापडणार!

सापडला तो तात्यांमुळं. आमचे थोरले चुलते, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाय लांब करून मागच्या सीटवर आडवे. म्हणजे नेमके पंपाच्या डोक्यावर. शिरवळ गेलं, सूर लागला, आणि तात्या म्हणाले, "आरं, हवा धरतीय की तुझी मोटर." मी म्हटलं तात्या, ही विहिरीवरची मोटर नाही, पेट्रोलचा पंप आहे. तर म्हणाले, "असंना का. आवाज त्योच हाय. फूटव्हॉल्व्ह बघ तिचा."

विहिरीवर मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) ज्यांनी चालवलाय त्यांना हे लगेच कळेल. मोटर पाणी वर कितीही ढकलेल पण खालून ओढायच्या बाबतीत ती लंगडी असते. खरं तर ती ओढतच नाही, विहिरीतल्या पाण्यावर हवेचा दाब असतो तो पाण्याला पाईपमध्ये ढकलतो, म्हणून तर कागदावर दहा मीटर आणि प्रत्यक्षात सात-आठ मीटरच्या वर सक्शन घेत नाही. फूटव्हॉल्व्हला, म्हणजे पाईपच्या पाण्यातल्या टोकाच्या झडपेला, पालापाचोळा अडकला, पाईप दबला की मोटरला पुरेसं पाणी पोचत नाही, आत पोकळी होते, बुडबुडे होतात आणि ते फुटताना मोटर किंचाळते. मोटर बदलून काय होणार, नवी मोटरही तशीच किंचाळणार.

गाडीतला पंप तोच. पुढं ३ बारनं ढकलतो, पण मागून त्याच्या तोंडाशी पेट्रोल आपणहून यायला लागतं आणि ते यायला टाकीत वरून हवेचा दाब लागतो. पेट्रोल जसं खर्च होतं तशी टाकीत बाहेरून हवा आली पाहिजे, नाही आली तर आत व्हॅक्यूम होतो. त्यात पेट्रोल म्हणजे पाणी नव्हे, त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस डिग्रीलाच उकळायला लागतात, दाब कमी झाला की त्याच्याही आधी. मे महिन्याची दुपार, खाली डांबर तापलेलं, इंजिनाकडून परत येणारं पेट्रोल गरम, टाकी अर्ध्याच्या खाली, म्हणजे पंपाच्या तोंडावर पेट्रोलचा जो थोडाफार भार असतो तोही कमी. मग पंपाच्या तोंडाशी पेट्रोलऐवजी फेस. कुंईं.

(जुन्या लोकांना प्रीमिअर पद्मिनी आठवत असेल. तिचा पंप मेकॅनिकल, इंजिनालाच चिकटलेला, घाटात तापला की पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी बंद. मग बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकून रस्त्याकडेला बसायचं. आमच्या वडिलांच्या डिकीत त्यासाठी पाण्याची बाटली आणि जुनं बनियन कायम असायचं. एमपीएफआयमध्ये पंप टाकीत बुडवला त्याचं एक कारण हेच, पेट्रोलात राहिला की थंड राहतो आणि मागून ढकलतो.)

तर तात्यांचं ऐकून मी घाट चढून पलीकडं उतरलो, सुरूर फाट्याजवळ गाडी सावलीत घेतली, इंजिन बंद केलं, टाकीचं झाकण हळू फिरवलं. फुस्स! आणि नीट लक्ष दिलं तर हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. झाकणाच्या कडेला बोट धरलं तर कातडी ओढल्यासारखी लागली. दहा सेकंद तसंच ठेवलं, झाकण लावलं, गाडी चालू केली, पेट्रोलचा एक थेंब भरलेला नाही, आणि आवाज गायब. तात्या मागून काही बोलले नाहीत, फक्त "चहा घेऊ" म्हणाले.

म्हणजे चौदा महिने पेट्रोल भरल्यानं आवाज जात नव्हता, पेट्रोल भरायला झाकण उघडलं जायचं त्यानं जात होता. मागे वळून बघितलं तर पुरावा डोळ्यासमोर होता, साताऱ्यात काटा पावच्या खाली असताना मी चार-चार दिवस फिरलोय आणि आवाज नाही, आणि हायवेला अर्ध्या टाकीवर आवाज आहे. पेट्रोलची पातळी कारण असती तर उलट व्हायला हवं होतं. गावात दहा मिनिटं गाडी चालते आणि मग रात्रभर उभी राहते, तेवढ्यात कुठल्यातरी फटीतून हवा हळूहळू आत शिरते. हायवेला तासभर सलग चालली की हवेला तेवढी सवड मिळत नाही.

ही झाकणाची टेस्ट फुकट आहे, तेव्हा पहिली हीच करा, पण नीट करा. आवाज चालू असताना गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद, आसपास कोणी सिगरेट ओढत नाही हे बघा, मग झाकण हळू उघडा. नुसतं फुस्स झालं म्हणून लगेच हर्षवायू होऊ देऊ नका, उन्हात उभ्या गाडीची टाकी फुस्स करतेच, ती वाफ बाहेर येते आणि ते नॉर्मल आहे. हवा आत जाते का बाहेर येते हे महत्त्वाचं. आणि पेट्रोल न भरता झाकण परत लावून चालवायची. आवाज लगेच गेला आणि तास-दीड तासानं परत आला तर टाकीला श्वास घेता येत नाहीये, पंपाला हात लावू नका. झाकण उघडून काहीच फरक नाही, पण पेट्रोल भरल्यावर फरक पडतो, तर पंपाच्या तोंडाशी गडबड, जाळी किंवा पंप वर सरकून बसलाय किंवा आतला पाईप चिरलाय. कशानंच फरक पडत नाही, फुल टाकी, थंड सकाळ, झाकण उघडं, तरी घरघर आहे आणि त्यात धातू घासल्यासारखा खर आहे, तर मात्र पंपच गेला, तो बदलावाच लागेल. आणि आवाज जाडसर, दबल्यासारखा, जोडीला वेगात पिकअप नाही, तर पुढचा फिल्टर चोकअप असण्याची शक्यता जास्त.

झाकण खराब का आणखी काही? माझ्याकडं दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणून एवढा गोंधळ झाला. ओरिजिनल झाकणात एक छोटा व्हॉल्व्ह असतो, आत व्हॅक्यूम झाला तर तो उघडून हवा आत घेतो. माझं ओरिजिनल झाकण दोन वर्षांपूर्वी पेट्रोल भरताना टपावर राहिलं आणि रस्त्यात कुठंतरी पडलं, मग मी दुकानातून चावीचं, कुलूपवालं झाकण आणलं, दीडशे रुपयांत, वर पेट्रोल चोरीचाही प्रश्न मिटला म्हणून खूश. ते झाकण उलटं करून बघितलं तर आत नुसता सपाट पत्रा आणि रबर. व्हॉल्व्ह नावाची गोष्टच नाही. बाटलीला बूच लावतात तसं.

पण झाकण बंद असलं तरी दुसरी वाट असते, चारकोल कॅनिस्टरची. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून एक नळी पुढं कॅनिस्टरला जाते, त्यातला कोळसा वाफ धरून ठेवतो आणि इंजिन ती नंतर ओढून जाळतं, आणि त्याच कॅनिस्टरची एक नळी बाहेर उघडी असते तिथून टाकीला हवा मिळते. काही गाड्यांत हा काळा डबा बॉनेटखाली कोपऱ्यात असतो, काहींत मागं टाकीजवळ. माझ्या गाडीत बॉनेटखाली. त्याची बाहेरची नळी खाली मडगार्डच्या आत जाऊन संपते, मी तिचं टोक ओढून बाहेर काढलं तर तोंड दिसतच नव्हतं. माती. पण चिखल उडाल्यासारखी नाही, गुळगुळीत, हातानं लिंपल्यासारखी, तोंडाशी बरोबर गोल. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरली तर लाल मातीची चकती निघाली आणि तिच्यामागून सहा-सात वाळलेले कोळी खाली पडले. कुंभारीण माशी! गाडी लॉकडाऊननंतर गावाला आंब्याखाली चार महिने उभी होती, तेव्हा बाईंनी तिथं घर बांधून पिल्लांच्या जेवणाची सोय करून ठेवली होती. जोपर्यंत झाकण ओरिजिनल होतं तोपर्यंत त्याच्या व्हॉल्व्हमधून हवा मिळत होती म्हणून काही कळलं नाही, झाकण बदललं आणि दोन्ही वाटा बंद.

नळी काढून तिच्यातून पातळ तार आणि मग सायकलच्या पंपानं हवा मारली. कॅनिस्टरला मात्र कॉम्प्रेसरची जोरात हवा मारू नका, पाण्यानं किंवा पेट्रोलनं धुवायचं तर अजिबात नाही, आतला कोळसा वाया जातो. आणि तोंडानं फुंकून बघू नका, पेट्रोलची वाफ आहे ती. नळी टाकीपासून कॅनिस्टरपर्यंत कुठं दुमडलीय का, जॅक चुकीच्या जागी लावून चेपलीय का, तेही गाडी वर घेऊन बघून टाका.

ज्यांचा झाकण टेस्टनं काही फरक पडला नाही त्यांना टाकी उघडण्याशिवाय इलाज नाही. काही गाड्यांत मागच्या सीटखाली कार्पेट काढलं की गोल झाकण असतं, स्क्रू काढले की पंपाचं तोंड समोर, काहींत टाकीच खाली उतरवावी लागते, ते काम दोन माणसांचं आणि रॅम्पचं. सवय नसेल तर घरी करू नका, खरंच सांगतो. करणारच असाल तर मोकळ्या हवेत, पंपाचा फ्यूज काढून गाडी चालू करायची आणि आपोआप बंद पडू द्यायची म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, आणि उजेडासाठी वायरचा बल्ब लोंबकळत ठेवायचा नाही, तो पडून फुटला की संपलं. टाकी उघडण्याआधी झाकणाभोवतीची धूळ ब्रशनं आणि ओल्या फडक्यानं काढा नाहीतर ती सगळी आत. नळी तोंडानं ओढून पेट्रोल काढायची आपल्याकडची पद्धत तर सोडूनच द्या. आणि बाहेर काढलेला पंप "बघू फिरतोय का" म्हणून बॅटरीला लावू नका, ठिणगीचा धोका आहेच, शिवाय पेट्रोल हेच त्याचं कूलिंग आणि तेच त्याचं ऑइल, कोरडा फिरवला की चांगला पंपही तिथंच खराब होतो.

बाहेर काढलं की आधी जाळी बघा. नवी जाळी पांढरी किंवा फिकट असते, जुनी चहाच्या गाळण्यासारखी तपकिरी होते. ती झटकून, धुवून परत लावू नका, नवीच घ्या. मात्र नवी लावताना टाकीच्या तळाशी दुमडत नाही ना हे बघा. नव्या पंपाला पहिल्या दिवसापासून आवाज असेल तर दहापैकी पाच वेळा जाळी दुमडलेली किंवा पंप क्लिपमध्ये पूर्ण न बसलेला असतो, हा माझा अंदाज, पण दोन गॅरेजवाल्यांनी मान डोलवली. दुसरी गंमत आतल्या छोट्या पाईपची. पंपापासून वरच्या झाकणापर्यंत बोटभर पाईप असतो आणि घाईत मेकॅनिक तिथं साधा पेट्रोल पाईप घालतो. तो पाईप आतून पेट्रोल सोसतो, पण बाहेरूनही चोवीस तास पेट्रोलात बुडालेला राहायला बनवलेला नसतो, काही महिन्यांत मऊ पडतो, फुगतो, चिरतो, मग प्रेशर आतल्या आत टाकीतच निघून जातं आणि पंप उगाच राबतो. टाकीत बुडणारा पाईप वेगळा मिळतो, महाग आहे, तोच घ्या.

इथेनॉलचं काय, हे कोणीतरी विचारणारच. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं ई-२०, आणि २००३ च्या गाडीचं रबर त्याचा विचार करून बनवलेलं नाही हे खरं. इथेनॉल पाणी शोषतं, आणि जुन्या टाकीच्या भिंतीला वर्षानुवर्षं बसलेला चिकट थर सोडवून खाली आणतं, तो जाऊन बसतो जाळीत. म्हणजे ई-२० नंतर काही महिन्यांत जुन्या गाडीचा पंप ओरडायला लागला तर आधी जाळी आणि फिल्टर बघावा, एवढं नक्की. पण हल्ली गाडी पंक्चर झाली तरी इथेनॉलवर खापर फोडायची फॅशन आलीय, मीही दोन महिने तेच करत होतो आणि ज्या कारखान्यांना आमचाच ऊस जातो त्यांना शिव्या घालत होतो. शेवटी निघाली माशी. जुनी गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर मात्र काळजी घ्या, पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि खाली बसतात, नेमकं जिथं पंपाचं तोंड आहे तिथं.

वायरिंगबद्दल थोडक्यात. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरनं बॅटरीवर व्होल्टेज बघा आणि मग पंपाच्या कनेक्टरवर. माझ्याकडं १३.९ आणि १३.४ आलं, अर्ध्या व्होल्टाचा फरक, चालतो. एक-दीड व्होल्ट खाल्ला जात असेल तर मागची अर्थिंगची वायर जिथं बॉडीला बसते तिथला गंज पॉलिश पेपरनं काढा, कनेक्टर काळा पडलाय का बघा, रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा खटका) बदलून बघा. कमी व्होल्टेजनं सहसा आवाज वाढत नाही, पंप दमल्यासारखा फिरतो, सूर खाली येतो आणि प्रेशर पडतं, पण लोक दोन्ही एकत्र सांगतात म्हणून लिहिलं. प्रेशर गेज ज्याच्याकडं असेल त्याच्याकडून दहा मिनिटांत ३ बार आहे का आणि काटा थरथरतोय का हे बघून घ्या. काटा थरथरतोय आणि आवाजही आहे, तर फेस.

बाहेरून सीएनजी किट बसवलेल्यांसाठी एक वेगळीच गोष्ट. पेट्रोल लागतंय कुठं म्हणून काटा कायम रिझर्व्हच्या खाली, आणि बऱ्याच किटमध्ये गाडी सीएनजीवर चालत असताना पेट्रोलचा पंपही फिरतच असतो, बिचारा तीन-चार लिटर पेट्रोल तेच तेच घुसळून गरम करत राहतो. सीएनजीवर असताना मागच्या सीटला कान लावा. पंप फिरतोय असं कळलं तर एक म्हणजे पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा, दुसरं म्हणजे किटवाल्याकडून पंप कट करणारा रिले लावून घ्या. सीएनजीच्या गाडीचा पंप दर वर्षी जातो अशी तक्रार असलेल्या निम्म्या लोकांचं उत्तर एवढंच असतं.

माझी गाडी आता आठ महिने गप्प आहे, तीन-चार वेळा पुण्याला जाऊन आलो, एकदा एप्रिलच्या भर दुपारी काटा पावच्या खाली ठेवून मुद्दाम घाट चढवला, काही नाही. कॅनिस्टरच्या नळीच्या तोंडाला बारीक डासांच्या जाळीचा तुकडा दोऱ्यानं बांधलाय, जाड कापड बांधू नका, ते ओलं झालं की परत हवा बंद. ओरिजिनल झाकण शोधायला जुन्या बाजारात दोन चकरा झाल्या, मिळालं, पण त्याला कुलूप नाही. मूळचा वीस वर्षांचा पंप पुसून पिशवीत घालून ठेवलाय, तो बहुतेक चांगलाच असणार. मागच्या आठवड्यात तात्यांना दाखवला तर म्हणाले, "मग बशीव की परत, नवा काढून मला दे," आणि विहिरीवर त्याचं ते काय करणार हे काही सांगितलं नाही.